ट्रकचं ऑइल वाढतंय, ब्रेकचं घटतंय

पत्र असं आहे: "गेल्या ऑक्टोबरमध्ये १९७१ चा एम३५ए२ घेतला. अमेरिकी लष्कराचा जुना अडीच टनी, सहा चाकांवर ओढणारा, मल्टिफ्यूएल इंजिनचा. आधीच्या मालकाकडे सहा वर्षं शेडमध्ये उभा होता. नव्या बॅटऱ्या लावल्या, डिझेल भरलं आणि तिसऱ्या प्रयत्नात चालू झाला. आता तीन अडचणी आहेत. ब्रेकचं पेडल पहिल्यांदा दाबलं की जवळजवळ फळीला टेकतं, दुसऱ्यांदा दाबलं की अर्ध्यावर थांबतं. मास्टर सिलिंडरमधलं फ्लुइड दर पंधरा दिवसांनी कमी होतं, पण खाली एक थेंब दिसत नाही. दुसरं, इंजिन ऑइल कमी होण्याऐवजी वाढतंय. महिन्याभरात काठीवर बोटभर वर चढलं. तिसरं, रेडिओ आणि फोनसाठी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढलेत, ती बॅटरी दोनदा बसली. ४ जुलैच्या संचलनात मुलांना मागे बसवून न्यायचं आहे. नवा ब्रेक बूस्टर आणि नवा इंजेक्शन पंप मागवू का?"

दोन्ही मागवू नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून यातलं काहीच बदलावं लागणार नाही अशी बरीच शक्यता आहे. मात्र आजपासून ट्रक रस्त्यावर नेऊ नका आणि ऑइल बदलेपर्यंत इंजिनही चालू करू नका.

ब्रेकपासून सुरुवात करू, कारण या गाडीचा सगळ्यात कच्चा दुवा तिथे आहे. एम३५ए२ ला एकच हायड्रॉलिक सर्किट आहे. सहा चाकांतल्या कुठल्याही एका ब्रेक सिलिंडरचा रबरी कप फाटला, एक होज फुटला किंवा चौकटीवरच्या क्लॅम्पखाली सडलेली एक नळी गळाली, तर सहाही चाकांचे ब्रेक एकदम जातात. मग उरतो तो हँडब्रेक. तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या (पुढच्या-मागच्या अॅक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या ड्रमवर असतो, म्हणजे प्रॉपेलर शाफ्ट धरतो. उभी गाडी रोखण्यासाठी तो चांगला आहे; धावत्या गाडीला तो कसाबसा थांबवेल. फ्लुइड कुठे जातंय ते कळल्याशिवाय गाडी हलवायची नाही, ती यामुळे.

आता पेडल काय सांगतंय ते वाचू. तीन वेगवेगळ्या तक्रारी लोक 'पेडल खाली जातं' या एकाच वाक्यात कोंबतात. पहिल्या दाबाला खोल आणि लगेच दुसऱ्या दाबाला वर, हे शू (ड्रमला आतून घासणाऱ्या ब्रेकच्या पट्ट्या) आणि ड्रममधलं अंतर वाढल्याचं लक्षण. स्पंजासारखं मऊ लागत असेल तर नळीत हवा. आणि पाय दाबून धरल्यावर हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी कप किंवा नळी गळते आहे. तुमचं पहिल्या प्रकारात बसतं. फ्लुइड घटतंय म्हणून तिसराही प्रकार सोबत असावा.

बूस्टरचं म्हणाल, तर या गाडीचा बूस्टर म्हणजे हवेवर चालणारा एअर-पॅक. तो काय करतो ते पाहा. तुमचा पाय मास्टर सिलिंडरमधलं फ्लुइड ढकलतो. त्या दाबाने एअर-पॅकमधला व्हॉल्व्ह उघडतो, टाकीतली हवा मोठ्या पिस्टनमागे शिरते आणि तो पिस्टन चाकांकडे जाणारं फ्लुइड जोरात रेटतो. हवा नसली तरी ब्रेक लागतात, फक्त पाय दगडावर ठेवल्यासारखा वाटतो. पेडल घट्ट होणं ही हवेची तक्रार, खोल जाणं ही फ्लुइडची. तुमचं खोल जातंय.

तरी एअर-पॅक एकदा तपासून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, टाक्यांखालचे ड्रेन कॉक उघडून सगळी हवा सोडा. पेडल पूर्ण जोराने दाबा आणि मिनिटभर तसंच धरा. खाली सरकलं तर फ्लुइडची बाजू गळतेय. पुढची पायरी इंजिन ऑइल बदलल्यावरच, कारण टाकी भरायला इंजिन लागतं. हवेची सुई १०० पीएसआयच्या आसपास आली की इंजिन बंद करून कान द्या. पेडलवर पाय नसताना फुस्स आवाज येत राहिला तर हवेचा व्हॉल्व्ह गळतोय. पाय दाबून धरल्यावरही आवाज थांबत नसेल तर आतला पिस्टन हवा धरत नाही. पाय सोडल्यावर एकदा फुस्स होऊन शांतता, हे बरोबर. आणि एअर-पॅकमधून हवा बाहेर सोडणारी नळी सोडवून तिच्या तोंडात कागदी रुमाल घाला. तो फ्लुइडने ओला झाला तर मात्र आतला हायड्रॉलिक सील गेला आहे. जमिनीवर थेंब न पडता फ्लुइड गायब होण्याच्या दोन मोठ्या वाटा आहेत, त्यांतली ही एक.

दुसरी वाट म्हणजे चाकाचा सिलिंडर. तो ड्रमच्या आत गळतो, फ्लुइड शूवर आणि ड्रमच्या खोबणीत साठतं, बाहेर यायला महिने लागतात. सहा वर्षं उभ्या गाडीत सिलिंडरच्या तळाशी गंज धरतो, गाडी चालू लागली की रबरी कप त्या खडबडीत जागेवरून घासत जातात आणि फाटतात. आमचा पहिला संशय याच्यावर. सहाही बॅकिंग प्लेटच्या (ड्रमच्या मागच्या पत्र्याच्या) खालच्या काठावर बोट फिरवा. धूळ काळी, चिकट, ओली लागली तर ड्रम उघडायचाच. कोरडी लागली तरी निर्धास्त होऊ नका.

वाईट बातमी अशी की या अॅक्सलवर ड्रम नुसता ओढून निघत नाही. तो हबच्या आतल्या बाजूला बसवलेला आहे, म्हणून हब, बेअरिंग, ड्रम असं सगळं एकत्र उतरवावं लागतं. चाक काढण्याआधी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: डाव्या बाजूच्या नटांना उलटे आटे असतात. ते न कळल्यामुळे लांब पाइप घालून जोर लावणारे आणि स्टड तोडणारे दरवर्षी निघतात. स्टडच्या टोकावर एल आणि आर ही अक्षरं कोरलेली असतात, तारेच्या ब्रशने घासून वाचा. मागच्या जोडचाकांना आतल्या चाकाचा वेगळा, चौकोनी डोक्याचा नट असतो आणि बाहेरचा नट त्याच्यावर चढतो. परत बसवताना आतला नट आधी पूर्ण टॉर्कने, मग बाहेरचा. पुढे कधी आतला पुन्हा आवळायचा झाला तर बाहेरचा सैल केल्याशिवाय आतल्याला खरा टॉर्क लागत नाही.

मागच्या अॅक्सलची कृती अशी. गाडी जॅकवर उचलून भक्कम स्टँडवर टेकवा. जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही. अॅक्सल शाफ्टच्या फ्लँजचे बोल्ट काढा, शाफ्ट बाहेर ओढा, थोडं गिअर ऑइल येईल, खाली परात ठेवा. मग बाहेरचा लॉकनट, वॉशर, आतला अॅडजस्टिंग नट. शू ड्रमला चिकटले असतील तर आधी अॅडजस्टर कॅम मागे फिरवा. हब आणि ड्रमचा भार एका माणसाच्या पाठीचा नाही. चाकं हबवरच राहू द्या, त्यांच्याखाली ग्रीस लावलेला जाड पत्रा सरकवा, जॅक इतकाच खाली घ्या की वजन पत्र्यावर टेकेल, आणि सगळा गोळा सरळ बाहेर सरकवा. परत बसवतानाही हाच पत्रा कामाला येतो. हब स्पिंडलच्या रेषेत राहतो आणि नवा सील दुमडत नाही.

सिलिंडरची रबरी टोपी उचलून पाहा. आत नुसती ओल असली तरी तो सिलिंडर बाद समजा. होन करून, म्हणजे आतून घासून, कप बदलता येतात, पण नखाला लागेल असा खड्डा राहिला तर दोन महिन्यांत तिथेच परत याल. सहाही सिलिंडर आणि सगळे लवचिक होज एकाच वेळी बदला. पुढच्या दोन चाकांचे आणि चौकटीवरून मागच्या अॅक्सलवर उतरणारे होज बाहेरून चांगले दिसतात, पण आतून फुगून वाट बंद करतात; मग शू सुटत नाही आणि ड्रम तापतो. लोखंडी नळ्या जिथे क्लॅम्पखाली दबलेल्या आहेत तिथे क्लॅम्प उघडून बघा, गंज तिथेच लपतो. नवी नळी घातली तर टोकाला डबल फ्लेअरच, म्हणजे दुहेरी दुमडलेली कडच, करा.

शूवर काय सांडलंय हे वासावरून ओळखा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र वास येतो. तसं असेल तर हबचे सील गेलेत. पण नुसते सील बदलून थांबू नका, अॅक्सलचा ब्रीदर, म्हणजे हवा जाण्यायेण्याची छोटी टोपी, आधी काढून फुंका. तो चिखलाने बुजला की अॅक्सल तापल्यावर आतली हवा फुगते, बाहेर जायला वाट नसते, आणि ती ऑइलला सीलमधून ढकलते. नवे सीलही मग आठवड्यात गळतात आणि दोष सीलच्या नावावर जातो. ऑइल किंवा फ्लुइड प्यालेले शू पेट्रोलने धुऊन वापरायच्या फंदात पडू नका. तापले की ते पुन्हा पाझरतात.

बेअरिंग रॉकेलमध्ये धुऊन, सुकवून, रोलरच्या मधून पलीकडे येईपर्यंत ग्रीस दाबून भरा. कंप्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवायची मजा टाळा. बसवताना ड्रम हाताने फिरवत अॅडजस्टिंग नट ओढ लागेपर्यंत आवळा, मग साधारण एक अष्टमांश फेरा सैल करा, लॉकनट लावा आणि पुन्हा हलवून पाहा. लॉकनटमुळे खेळ बदलतो. अचूक टॉर्क दुरुस्तीच्या पुस्तिकेत आहे. लष्कराच्या टीएम (टेक्निकल मॅन्युअल) ९-२३२०-३६१ मालिकेतलं -१० हे चालकाचं आणि -२० हे दुरुस्तीचं पुस्तक छापून गॅरेजमध्ये ठेवा. ग्रीसच्या हातांनी फोनवर पानं उलटता येत नाहीत.

फ्लुइड भरण्याआधी सध्या कुठलं आहे ते बघा. लष्कराने १९८० च्या दशकात या गाड्या सिलिकॉन फ्लुइडवर, म्हणजे डॉट ५ वर नेल्या. ते मूळचं जांभळं असतं, पण रंग उडतो, म्हणून रंगावर जाऊ नका. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन चार थेंब टाका. विरघळलं तर डॉट ३ किंवा ४, वेगळं होऊन तरंगलं तर सिलिकॉन. दोन्ही कधीही मिसळू नका. आधीच्या मालकाने वरून दुसरंच ओतलं असण्याची शक्यता खूप असते, मग मास्टर सिलिंडरच्या तळाशी दोन थर दिसतात. तसं असेल तर नळ्या अल्कोहोलने धुवा, सगळे रबर बदला आणि एकच काहीतरी भरा. गाडी बहुतेक वेळ उभी राहणार असेल तर आमचं मत सिलिकॉनला. ते पाणी शोषत नाही, त्यामुळे सिलिंडर आतून लवकर गंजत नाहीत.

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना हवेच्या टाक्या रिकाम्या हव्यात. मास्टर सिलिंडर चालकाच्या पायाखाली फळीच्या आत आहे, त्याची टाकी लहान आहे, पेडल मारत मारत काढू गेलात तर ती मधेच कोरडी पडते आणि पहिल्यापासून सुरुवात. बागेत फवारणीला वापरतात तो हातपंप नवा कोरा घ्या, त्याची नळी मास्टर सिलिंडरच्या टोपणाला फिटिंग लावून जोडा, १० ते १५ पीएसआयपेक्षा जास्त दाब देऊ नका. आधी एअर-पॅकचा ब्लीडर (हवा सोडायचा स्क्रू), मग सगळ्यात लांबचं मागचं चाक, असं जवळ येत शेवटी पुढची. सिलिकॉनला घाई चालत नाही, जोरात ढवळलं की साबणासारखे बारीक बुडबुडे धरून बसतं. सगळं झाल्यावर प्रत्येक शू कॅमने चाक अडेपर्यंत बाहेर आणा आणि मोकळं फिरेपर्यंत मागे घ्या. पहिल्या दाबाचं खोल जाणं इथे संपायला हवं. शू नवे असतील तर खालच्या अँकर पिनचीही जुळवणी लागते, ती पुस्तिकेप्रमाणे.

दोन सर्किटांचा मास्टर सिलिंडर बसवण्याचे बदल हौशी मंडळी करतात. माणसं बसवून गाडी चालवायची असेल तर तो खर्च रंगावर केलेल्या खर्चापेक्षा शहाणपणाचा. पण आधी आहे ते नीट करा. गळक्या सिलिंडरवर नवा मास्टर लावून उपयोग नाही.

आता वाढतं ऑइल. ते पाणी आहे की डिझेल, एवढंच आधी ठरवा. काठीवरचं ऑइल दुधाळ, कॉफीसारखं दिसत असेल तर कूलंट. काळंच पण पातळ, बोटांत चोळल्यावर धरच न राहणारं आणि डिझेलचा वास असेल तर इंधन. पांढऱ्या फिल्टर कागदावर एक थेंब टाकून अर्धा तास थांबा, शेजारी नव्या ऑइलचा थेंब टाका. डिझेल मिसळलेल्या थेंबाभोवती फिकट ओलसर कडं पसरतं. तुमच्या वर्णनावरून हे डिझेलच वाटतं.

येतं कुठून? या इंजिनचा इंजेक्शन पंप इंजिनच्याच ऑइलवर वंगण घेतो. पंपाच्या हायड्रॉलिक हेडचे (इंधन दाबून पुढे पाठवणाऱ्या भागाचे) सील सुकले, की इंधन तिथून ऑइलच्या बाजूला उतरतं आणि थेट संपमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या तबकात, जातं. दुसरी जागा म्हणजे पंपावरच बसवलेला फ्यूएल डेन्सिटी कॉम्पेन्सेटर. इंधन पेट्रोलसारखं पातळ आहे की डिझेलसारखं दाट, त्यानुसार कमाल इंधनाची मात्रा कमीजास्त करणं हे त्याचं काम. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत त्याचे सीलही गळतात. फक्त डिझेलच वापरणार असाल तर त्याची गरज राहत नाही आणि त्याला वगळून इंधनाची नळी थेट नेता येते.

यात एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. या ट्रकला टाकीच्या आत विजेचा पंप आहे. डॅशवरचा मुख्य स्विच टाकला की इंजिन बंद असतानाही तो इंधन रेटत राहतो. रेडिओ ऐकायला तुम्ही स्विच टाकून बसत असाल, तर तेवढा वेळ टाकीतला पंप गळक्या हेडमधून डिझेल संपमध्ये भरतोय. याचाच उपयोग तपासणीला करा. जुनं ऑइल पूर्ण काढा. भरलेलं माप साधारण २१ लिटर आहे, तुमच्याकडे त्याहून जास्त निघेल, म्हणून ३० लिटरचं भांडं ठेवा. दोन्ही ऑइल फिल्टर बदला, फिल्टरच्या घरांच्या जुन्या रबरी वळ्या खोबणीत चिकटून राहतात, त्या टाचणीने उकरून काढा. १५डब्ल्यू-४० भरा, पण शेवटचं माप काठीचं. मग स्विच टाकून इंजिन न लावता अर्धा तास टाकीचा पंप गुणगुणू द्या. काठीवर पातळी चढली किंवा वास आला, तर गळती पंपाच्या भागात आहे हे सिद्ध झालं. मग कॉम्पेन्सेटर वगळून तीच परीक्षा पुन्हा. तरीही चढली तर हायड्रॉलिक हेड. पूर्ण पंप नाही, फक्त हेड. पण ते सोडवून टायमिंगसकट बसवणं हे डिझेल पंपाच्या कारागिराचं काम आहे, अंगणात करून बघायचं नाही.

पातळ झालेल्या ऑइलवर इंजिन चालवलं तर टर्बो असल्यास आधी त्याची बेअरिंग मरतात, मग क्रँकची. शिवाय भरून वाहणारा संप इंजिनला स्वतःचंच ऑइल पिऊन बेभान धावायला लावू शकतो. डिझेल इंजिन बेभान झालं की चावी बंद करून थांबत नाही. म्हणून ऑइल बदलल्यावर पहिल्यांदा इंजिन लावण्याआधी थांबवायची केबल ओढून बघा आणि पंपावरचा लिव्हर शेवटपर्यंत सरकतो का ते दुसऱ्या माणसाला पाहायला सांगा. उभ्या गाडीत पंपाचे आतले भाग चिकटतात, तेव्हा केबल ओढूनही काही होत नाही. हवा घेण्याचं तोंड पूर्ण झाकेल अशी जाड सपाट फळी हाताशी ठेवा. चिंधी किंवा हात नाही. दोन्ही आत ओढले जातात. आणि इथर फवारू नका. या इंजिनच्या मॅनिफोल्डमध्ये ज्वालेवर चालणारा हीटर आहे, त्याच्यापाशी इथर गेलं तर मॅनिफोल्ड फुटतो.

नावात मल्टिफ्यूएल आहे म्हणून जुनं हायड्रॉलिक ऑइल, तळणाचं तेल, काहीही ओतू नका. पेट्रोल ही अडीअडचणीची सोय होती. इंजेक्शन पंपाला वंगण इंधनातूनही मिळतं.

बॅटरीचं उत्तर सोपं आहे. गाडी २४ व्होल्टची, दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या. एकीवरून तुम्ही रेडिओ चालवता, ती अर्धी रिकामी होते. अल्टरनेटर मात्र जोडीला मिळून साधारण २८ व्होल्ट देतो, त्यामुळे रिकामी अर्धपोटी राहते आणि भरलेलीला जास्तीचा दाब येऊन तिचं पाणी उकळतं. दोघीही मरतात, फक्त वेगवेगळ्या कारणांनी. ती तार आजच काढा. २४ चं १२ करणारा १० अँपिअरचा कन्व्हर्टर घ्या, दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवर जोडा, फ्यूज बॅटरीजवळ लावा. दोन्ही बॅटऱ्या सुट्या करून वेगवेगळ्या चार्ज करा आणि रात्रभर ठेवून प्रत्येकीचा व्होल्टेज मोजा. १२.६ च्या आसपास दोन्ही सारख्या हव्यात. दोनदा बसलेली मागे पडली तर जोडीच बदला, नवीजुनी एकत्र घालू नका.

टायरच्या बाजूवरचा तारखेचा आकडा वाचा. शेवटचे चार अंक म्हणजे आठवडा आणि वर्ष; तीनच अंक असतील तर तो टायर २००० सालाआधीचा, नक्षीची खोली कितीही दिसली तरी काढा. आणि या चाकांना फुटीर लॉक रिंग आहे. आधी व्हॉल्व्हची सुई काढून सगळी हवा सोडायची, रिंग बसवून भरताना लोखंडी पिंजरा आणि लांब नळी लागते. हे काम ट्रकच्या टायरवाल्याकडे द्या.

४ जुलैबद्दल. सहा हब, नवे सिलिंडर, होज, ब्लीडिंग हे दोन माणसांना शनिवार-रविवार करत सहा-सात आठवडे धरा, सुटे भाग वेळेवर आले तर. संचलन म्हणजे पहिल्या गिअरमध्ये तासभर, दर पन्नास फुटांवर थांबणं आणि बंपरपासून हातभर अंतरावर लोक. तुमच्या ब्रेकला सगळ्यात कठीण जाईल असंच ते काम आहे. त्याआधी रिकाम्या मैदानात ताशी १०, २०, ३० मैलांवरून वीसेक वेळा थांबून पाहा, मग १५ मैलांची फेरी मारून सहाही हबना हात लावा. एक बाकीच्यांपेक्षा तापलेला निघाला तर तो उघडा. आठवडाभर फ्लुइडची पातळी खुणेवरून हलता कामा नये, हवेचा बझर वाजून बंद होईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही. हे सगळं जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत जमलं नाही तर ट्रक लो-बॉयवर, म्हणजे बुटक्या ट्रेलरवर, घालून न्या आणि मैदानात ठोकळे लावून उभा करा. मुलांना चालकाच्या जागी बसवून हॉर्न वाजवू द्या, त्यासाठी हवा भरलेली ठेवा.